मधाचा हिशेब आणि माशीचा कायदा

पंचामृतांतील पांच पदार्थांपैकीं दूध, दहीं आणि तूप गोठ्यांतून येतात व साखर उसाच्या मळ्यांतून येते. मध मात्र महाराष्ट्रांत शतकानुशतकें रानांतून आला. गाय दाव्याला बांधली गेली, बैलाच्या मानेवर जूं आलें, ऊस पाटाच्या पाण्यावर वाढला. पण मधमाशीला घराच्या परसांत जागा करून द्यावी, ही कल्पना आपल्याकडे अगदीं अलीकडेपर्यंत रूढ झाली नाहीं. देवघरांतील वाटींत मधाला स्थान मिळालें, माशीला मिळालें नाहीं. बोलण्यांतही तिची आठवण बहुधा भीतीनेंच निघते. चार माणसें खवळून एकदम अंगावर आलीं म्हणजे मोहोळ उठलें असें आपण म्हणतों.

या स्थितीचा ठसा आपल्या कायद्यांवर कसा उमटला हें पाहणें उद्बोधक आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या देशांतील राजसत्तेनें मधाचा हिशेब फार काळजीपूर्वक ठेवला. परंतु मध करणाऱ्या माशीचा विचार तिनें क्वचित्‌च केला. हा भेद शब्दच्छलाचा नाहीं. आज त्यावर शेतकऱ्याचें पीक अवलंबून आहे.

उदाहरणादाखल एक गांव घेऊं. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत जांब समर्थ हें गांव आहे. शके 1530 च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. 1608 मध्यें, समर्थ रामदासांचा जन्म येथें झाला, आणि त्यांच्याच नांवानें गांव ओळखलें जातें. या गांवच्या एखाद्या गृहस्थास आपल्या परसांत दोन मधपेट्या ठेवावयाच्या असतील, तर त्यानें कोणाची परवानगी काढावी? उत्तर ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. घरगुती मधपेटीसाठीं परवाना घ्यावा असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत नाहीं. पेट्या किती असाव्या, शेजाऱ्याच्या कुंपणापासून त्या किती हातांवर ठेवाव्या, याविषयीं राज्याचा कायदा मौन धरून आहे. मोकळीक म्हणून ही गोष्ट बरी वाटते; पण ही मोकळीक कोणी विचारपूर्वक दिलेली नाहीं. ज्या प्राण्याकडे कायद्याचें लक्षच गेलें नाहीं, त्याला मिळालेली ती मोकळीक आहे.

प्रथम माशीची ओळख करून घेतली पाहिजे, कारण सर्वच माश्या पाळण्याजोग्या नसतात. आग्यामाशी उंच झाडाला, कड्याला अथवा इमारतीच्या सज्जाला एकच मोठें पोळें उघड्यावर लावते; तिला पेटींत कोंडतां येत नाहीं. फुलोरी माशी लहान असून झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढें पोळें बांधते. सातेरी मात्र झाडाच्या ढोलींत, वारुळांत किंवा भिंतीच्या पोकळींत, अंधाऱ्या जागीं, एकापुढें एक अशीं समांतर पोळीं बांधते. अंधार आणि समांतर पोळीं या तिच्या दोन संवयींमुळेंच ती लांकडी पेटींत नांदूं शकते. युरोपांतील मेलिफेरा जातीच्या माशीची संवयही अशीच. ती 1960 नंतरच्या दशकांत पंजाब व हिमाचल या भागांत यशस्वी रीतीनें आणली गेली व पुढें देशभर पसरली.

आतां जुन्या राजनीतीकडे वळूं. मनुस्मृतीनें राजाच्या उत्पन्नाचीं साधनें सांगतांना वृक्ष, मांस आणि तूप यांच्या जोडीला मधाचें नांव घेतलें आहे आणि त्याचा सहावा भाग राजाला दिला आहे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत मध चोरणारा पुढील जन्मीं दंश करणारा कीटक होतो, असेंही सांगितलें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत राजाच्या कोठारांत सांभाळावयाच्या पदार्थांत मध येतो. तेथें माशीचा मध आणि द्राक्षांचा मध असा भेदही केलेला आढळतो. तात्पर्य, कर, चोरी आणि सांठा या तिन्ही अंगांनीं मधाचा विचार झाला. परंतु एका माणसाच्या झाडावरून उठलेला थवा दुसऱ्याच्या झाडावर बसला तर तो कोणाचा, हा प्रश्न या ग्रंथांनीं घेतलेला नाहीं. कारण थवा कोणाचाच नव्हता.

पश्चिमेकडे नेमका हाच प्रश्न कायद्याच्या मुळाशीं होता. इ. स. 533 मध्यें बादशहा जस्टिनियन यानें सिद्ध करविलेल्या रोमन कायद्याच्या ग्रंथांत मधमाशी ही स्वभावतः रानटी गणली आहे. ती तुमच्या झाडावर बसली एवढ्यानें तुमची होत नाहीं. पोळ्याच्या घरांत घेतली म्हणजे तुमची होते. घरांतून थवा उडाला तर तो तुमच्या दृष्टीच्या टप्प्यांत आहे आणि त्याचा पाठलाग करणें अवघड नाहीं तोंवर तुमचा. त्यानंतर जो धरील त्याचा. आयर्लंडांत सातव्या शतकांत केवळ मधमाश्यांच्या तंट्यांवर एक स्वतंत्र न्यायग्रंथ रचला गेला. माझ्या माश्या शेजाऱ्याच्या शेतांतील फुलांवर चरतात, तेव्हां शेजाऱ्यालाही त्यांत वांटा मिळाला पाहिजे, असें त्यांतील तत्त्व आहे. माशी चावल्यास भरपाई कशी द्यावी याचाही त्यांत विचार आहे. इंग्लंडांत 1217 च्या वनसनदेनें स्वतंत्र माणसाला त्याच्या स्वतःच्या वनांत सांपडलेल्या मधावर हक्क दिला. आणि 1900 पासून अमलांत असलेल्या जर्मन दिवाणी संहितेप्रमाणें आपल्या थव्यामागें धावणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या जमिनींत शिरण्याची मुभा आहे. ज्या देशांत माशी परसांत होती, त्या देशांत तिचा कायदा कुंपणापाशीं जन्मला. आपल्याकडे तो रानाच्या वेशीवर जन्मला.

तथापि कायद्यानें जें सांगितलें नाहीं, तें आपल्याकडे एका शब्दानें सांगून ठेवलें आहे. तो शब्द म्हणजे माधुकरी. मधुकर ज्याप्रमाणें प्रत्येक फुलापासून थोडा रस घेतो आणि कोणत्याही फुलाला इजा करीत नाहीं, त्याप्रमाणें विरक्तानें अनेक घरांतून थोडें थोडें अन्न घ्यावें, कोणत्याही गृहस्थाला भार होऊं नये, असा त्या रीतीचा आशय आहे. जांबेहून निघालेल्या समर्थांनीं नाशिकाजवळ टाकळी येथें तपश्चर्येचीं बारा वर्षें माधुकरीवर काढलीं असें परंपरा सांगते, आणि दासबोधाच्या चौदाव्या दशकांत भिक्षेच्या निरूपणाला त्यांनीं एक समास दिला आहे. पुढें शेंकडों गरीब विद्यार्थी याच रीतीवर शिकले. घेण्याची मर्यादा कोणती, हें आपल्या लोकांनीं माशीकडून शिकून माणसाच्या वर्तनाला लावलें. नवल एवढेंच कीं, तीच मर्यादा माशीकडून मध घेतांना मात्र आपण पाळली नाहीं. रात्रीं पेटता पलिता लावून पोळें जाळावयाचें, अंडीं, अळ्या आणि मध एकत्र पिळून घ्यावयाचा, ही मध काढण्याची सर्रास रीत होती. तींत एका वाटीसाठीं अख्खी वसाहत नष्ट होते.

इंग्रजी अमलांत मधाचा हिशेब अधिक कडक झाला. 1927 च्या भारतीय वन अधिनियमांत वनोपजाची जी व्याख्या आहे, तींत कातडीं, हस्तिदंत, शिंगें आणि रेशमाचे कोश यांच्या पंक्तीला मध व मेण बसविलें आहे. वनांत सांपडलेला किंवा वनांतून आणलेला मध हा वनोपज ठरतो. त्याच अधिनियमाच्या 69 व्या कलमाप्रमाणें, एखादा वनोपज सरकारचा आहे कीं नाहीं असा वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच मानावयाचा असतो. शेतांतील पेटींतला मध या व्याख्येंत येत नाहीं, कारण तो वनांतून आलेला नसतो; परंतु डोंगरांतून मधाचें मडकें घेऊन उतरणाऱ्या माणसावर हें गृहीतक सतत लटकत राहिलें.

जांबेपुरतें पाहिलें तर या सर्व घडामोडी तिला जरा उशिरानें लागू झाल्या. हें गांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, आणि तेथें वनांसाठीं 1355 फसलीचा, म्हणजे सुमारें 1945 सालचा, संस्थानाचा स्वतःचा कायदा होता. सप्टेंबर 1948 मध्यें संस्थान भारतांत सामील झालें, 1956 मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, 1960 मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, आणि त्यानंतर 1927 चाच अधिनियम सगळ्या राज्याला लावण्यांत आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर 1981 मध्यें झाला. राज्यें बदललीं, कायद्याची भाषा बदलली; मधाची जागा मात्र वनोपजाच्या यादींतच राहिली. मधाच्या मालकीचा न्याय कांहीं अंशीं झाला तो 2006 च्या वनहक्क अधिनियमानें. त्यानें मध आणि मेण यांस गौण वनोपजांत घालून, आदिवासी व पिढ्यान्‌पिढ्या वनांत राहणारे इतर लोक यांचा त्यांवरील हक्क मान्य केला.

माशी रानांतून घरीं येण्यास मात्र कायदा कारण झाला नाहीं, सुतारकाम कारण झालें. 1851 मध्यें अमेरिकेंतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ यांच्या असें ध्यानीं आलें कीं, दोन पोळ्यांच्या मध्यें सुमारें तीन अष्टमांश इंचाची फट ठेवली तर माश्या ती मेणानें भरीत नाहींत आणि तींत नवें पोळेंही बांधीत नाहींत. या निरीक्षणावरून सुट्या चौकटींची पेटी निघाली. चौकट उचलावी, मध काढावा, पोळें परत ठेवावें. अळी मरत नाहीं आणि वसाहत मोडत नाहीं. माधुकरीचा नियम मध काढण्याला लागू झाला तो या पेटीनें. दक्षिण भारतांत फादर न्यूटन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली व खेड्यांतील लोकांस ती वापरण्यास शिकविलें. 1928 मध्यें शेतकीविषयक रॉयल कमिशननें मधमाशीपालन हा कुटिरोद्योग म्हणून वाढवावा असें सुचविलें. 1934 च्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि गांधीजी व कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखालीं मगनवाडींत तेलघाणी व हातकागद यांबरोबर मधमाश्यांनाही स्थान मिळालें.

महाराष्ट्रांत या उद्योगानें खरें मूळ धरलें तें महाबळेश्वरच्या डोंगरावर. 1946 मध्यें तेथें मुंबई सरकारच्या ग्रामोद्योग समितीनें काम सुरू केलें. त्यांतूनच पुढें राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय झालें. जांभूळ, हिरडा आणि गेळा यांचा फुलोरा व सात-आठ वर्षांनीं एकदांच डोंगरभर फुलणारी कारवी यांनीं तेथील सातेरीला चारा दिला. 1962 मध्यें खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्यास निघाली. भारतीय मानक संस्थेनें पेटीचें माप ठरविलें. 2019 मध्यें मधकेंद्र योजना संपूर्ण राज्यास लागू झाली, आणि 2022 मध्यें महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें.

आज जांबेच्या गृहस्थाचा मधमाश्यांच्या बाबतींत सरकारशीं संबंध येईल तो या योजनेमुळें. तिच्या अटी साध्या आहेत. वैयक्तिक मधपाळ साक्षर असावा, त्याचें वय अठरा वर्षांवर असावें, स्वतःची शेती असल्यास त्यास प्राधान्य मिळावें, त्यानें प्रशिक्षण घ्यावें; मग साहित्याच्या किंमतीपैकीं अर्धा भाग अनुदान म्हणून मिळतो व अर्धा त्यानें घालावयाचा असतो. मंडळ हमी भावानें मध विकत घेतें. हौसेसाठीं पेटी ठेवणाऱ्यांकरितां छंद-प्रशिक्षणाचीही सोय योजनेंत आहे. 2021 पासून राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांति पोर्टलवर मधपाळास नोंदणीही करतां येते. या साऱ्या गोष्टी चांगल्या आहेत. परंतु त्यांचें स्वरूप नीट ओळखलें पाहिजे. त्या साहाय्याच्या अटी आहेत, कायद्याच्या नव्हेत. ज्याला अनुदान नको त्याला त्या लागू नाहींत, आणि ज्यानें त्या पाळल्या त्याच्या माशीला त्यांपासून संरक्षणही मिळत नाहीं. विक्रीच्या वेळीं कायदा पुन्हां हजर होतो. परंतु तोही मधापुरता. 2018 च्या अन्नसुरक्षा मानकांप्रमाणें मधांत पाण्याचें प्रमाण शेंकडा 20 हून अधिक असतां कामा नये. हिशेब पुन्हां मधाचा!

मग परसांतील पेटी व शेजारी यांच्यामध्यें कांहींच कायदा नाहीं काय? आहे, पण तो माशीसाठीं लिहिलेला नाहीं. 1860 च्या दंडसंहितेचें 289 वें कलम ताब्यांतील प्राण्याविषयीं हयगय करून दुसऱ्याच्या जीवास धोका आणणाऱ्यास शिक्षा सांगत असे. मनुष्याखेरीज कोणताही सजीव म्हणजे प्राणी, अशी त्या संहितेची व्याख्या असल्यामुळें मधमाशीही तींत बसते. हैदराबादच्या मुलखास ही संहिता 1951 मध्यें लागू झाली. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंत हाच नियम 291 व्या कलमांत आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. याशिवाय उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्यास आहे. म्हणजे भांडण झाल्यावर, कोणी चावला गेल्यावर, कायदा येतो. भांडण होऊं नये म्हणून तो कांहीं सांगत नाहीं. न्यूयॉर्क शहरानें 1999 मध्यें मधमाश्या पाळण्यास बंदी केली होती आणि 2010 मध्यें ती उठविली. पण उठवितांना पेट्यांची नोंद करण्याचें बंधन घातलें. बंदी आणि पूर्ण मौन यांच्यामधला असा मार्ग असूं शकतो, एवढाच त्या उदाहरणाचा उपयोग.

जाणते मधपाळ हा मार्ग स्वतःच आंखतात. पेटीचें तोंड वाटेकडे किंवा शेजाऱ्याच्या अंगणाकडे करीत नाहींत. समोर उंच कुंपण अथवा झुडपें असलीं म्हणजे माश्या वर उठून माणसांच्या डोक्यांवरून जातात. उथळ भांड्यांत खडे टाकून पाणी ठेवलें म्हणजे त्या शेजारच्या रांजणावर जात नाहींत. पेटी उघडण्याचें काम शांत हवेंत आणि थोड्या धुरानें होतें. हे नियम कोणत्याही राजपत्रांत नाहींत, तरी पाळले जातात; कारण पेटी शेजाऱ्याच्या संमतीवर टिकते हें पाळणाऱ्याला ठाऊक असतें.

परंतु सौजन्यानें भागत नाहीं असा एक प्रसंग आहे, आणि खरी अडचण तेथेंच आहे. सातेरी चाऱ्यासाठीं सुमारें एक-दीड किलोमीटर जाते. तेवढ्या वर्तुळांत अनेक मालकांचीं शेतें येतात, आणि त्यांपैकीं कोणी भर फुलोऱ्यांत कीटकनाशक फवारलें तर पेटीचा मालक कांहीं करूं शकत नाहीं. 1968 च्या कीटकनाशक अधिनियमाखालील नियमांनीं डब्यावर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे रंग छापावयास लावले. पण तो रंग विष माणसास किती घातक हें उंदरांवरील प्रयोगांवरून सांगतो, माशीस किती घातक हें सांगत नाहीं. हिरव्या रंगाच्या डब्यांतील औषधही माशीला मारक असूं शकतें. युरोपीय संघानें 2018 मध्यें इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथॉक्झाम या तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतांतील वापर बंद केला, तो मधमाश्यांना होणारा अपाय पाहूनच.

जालना जिल्ह्यास हा प्रश्न दूरचा नाहीं. 1964 मध्यें बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि तेव्हांपासून हें शहर बियाण्यांच्या व्यापाराचें मोठें केंद्र झालें. कांद्याचें बीं धरावयाचें तर परागसेचन हवें. कांद्याच्या गोंडांतील एकेका फुलांत पराग आधीं झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. त्यामुळें एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारा कोणी तरी पाहिजे, आणि तें काम मुख्यतः मधमाशी करते. सूर्यफुलाचा दाणाही तिच्यावाचून नीट भरत नाहीं. मधाची किंमत वहींत मांडतां येते. माशीनें भरलेल्या बियांची किंमत कोणाच्याच वहींत माशीच्या नांवें जमा होत नाहीं. म्हणूनच ती गेली तर तोटा कोणाचा झाला हें प्रथम कळतही नाहीं, आणि पीक कमी आलें म्हणजे शेतकरी पावसाला किंवा नशिबाला बोल लावतो.

रोगाची गोष्टही अशीच आहे. 1991-92 च्या सुमारास केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडु या प्रांतांत सातेरीच्या अळ्यांवर थाई सॅकब्रूड नांवाच्या विषाणूची सांथ आली व बहुसंख्य वसाहती गेल्या. वसाहती एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेल्या जातात तेव्हां रोगही त्यांच्याबरोबर जातो. इंग्लंडांत फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाची खबर सरकारास देणें मधपाळावर बंधनकारक आहे. आपल्याकडे गाईगुरांच्या सांथीची खबर देण्याची शिस्त आहे. माशी मेली तर खबर कोणाला द्यावी हें खेड्यांतील मधपाळास कोणीं सांगितलेलें नाहीं.

एवढ्या इतिहासावरून निष्कर्ष कोणता काढावा? परसांतील पेटीवर परवान्याचें ओझें घालावें असें आम्ही म्हणत नाहीं. दोन पेट्या ठेवणाऱ्यानें कचेरीचे हेलपाटे घालावे लागले तर तो पेट्याच ठेवणार नाहीं. नियम हवे आहेत ते पाळणाऱ्याला अडविणारे नव्हेत, माशीला राखणारे. फुलोऱ्याच्या काळांत फवारणी करावयाची तर ती माश्या परतल्यावर, संध्याकाळीं करावी. आदल्या दिवशीं शेजारच्या मधपाळास सांगावें. डब्यावर माशीसाठीं ठळक खूण असावी. आणि वसाहत मेल्यास ती खबर ज्यानें घ्यावयाची असा एक अधिकारी तालुक्यास असावा. यांतील पहिल्या दोन गोष्टींसाठीं मुंबईकडे पाहण्याची गरज नाहीं. ग्रामसभेंत एकमतानें ठराव झाला आणि तो चावडीवर लागला, तर कोणत्याही गांवाला येत्या हंगामापासून त्या पाळतां येतील. मनूच्या राजानें सहावा भाग घेतला, इंग्रजांनीं वनोपजांत नोंद केली, आजचें शासन अनुदान देतें आणि पाण्याचें प्रमाण मोजतें. माशीच्या वांट्याला यांतून अजून कांहींच आलेलें नाहीं. तें देण्याचा आरंभ जांबेसारख्या एखाद्या गांवानें केला, तर कायदा मागाहून येईल.